सागरी कासवांची अंडी हलवावीत की जागीच राखावीत?

जांबोटीचे_गुरुजी (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा नववीची सहल वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर नेली होती. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची घरटी शोधून, त्यांतील अंडी उचलून, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचे खड्डे करून ती पुन्हा पुरून ठेवलेली मुलांनी पाहिली. अशा कुंपणाला तेथील लोक हॅचरी म्हणतात.

परतीच्या वाटेवर एका मुलीने विचारलेला प्रश्न येथे मांडतो. मादी ज्या किनाऱ्यावर जन्मते, मोठी झाल्यावर त्याच परिसरात अंडी घालायला येते, असे आपण शिकवतो. मग माणसांनी अंडी दुसरीकडे पुरली, तर त्यांतून निघालेली मादी पुढे कोठे जाईल? दुसऱ्या एका मुलाची शंका अशी की, पिल्लू नर होणार की मादी हे जर वाळूच्या उष्णतेवर ठरत असेल, तर कुंपणातली वाळू आणि आईने निवडलेली वाळू सारखीच तापते कशावरून?

माझे मत असे आहे की, जागा निवडण्याचे काम कासवांच्या माद्या कोट्यवधी वर्षे स्वतः करत आल्या आहेत. त्यात आपण हात घालू नये. अंडी जागीच ठेवावीत आणि तेथेच राखण करावी. आपापले अनुभव विस्ताराने लिहावेत, ही विनंती. वर्गात ते वाचून दाखवणार आहे.

निपाणीकर

गुरुजी, तत्त्व म्हणून आपले म्हणणे पटते, परंतु किनाऱ्यावरची परिस्थिती पाहिली की ते टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केले. त्या आधी तेथील घरटी माणसे खणून नेत आणि उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन हॅचरी उभी केली, म्हणून पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचू लागली. पुढे २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला आणि गावातल्या घरांना पाहुण्यांमुळे उत्पन्न मिळू लागले.

जागीच राखण करायची म्हणजे लांबलचक किनाऱ्यावर विखुरलेल्या प्रत्येक घरट्याशी रात्रभर माणूस बसवायचा, तोही ४५ ते ६० दिवस. ही माणसे कोठून आणणार आणि त्यांना मजुरी कोण देणार? सगळी घरटी एका कुंपणात असतील तर दोघे-तिघे पुरतात.

वेंगुर्ल्याची_लेक (बेळगाव)

माझे माहेर वेंगुर्ल्याचे, आणि सासर बेळगावात शहापूरला. आमच्या लहानपणी कासवाची अंडी खाण्यासाठी घरोघर येत असत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. ज्या घरांतील माणसे वाळूतल्या खुणा पाहून घरटे अचूक काढत, त्याच घरांतील मुले आज पहाटे किनाऱ्यावर गस्त घालतात. मादीच्या चालीची खूण ओळखणे, तिने वाळू उडवून झाकलेली जागा हेरणे, काठी हलकेच टोचून वाळू कोठे भुसभुशीत आहे ते पाहणे, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. निपाणीकर म्हणतात तशी माणसे हवी असतील तर ती तिथेच आहेत. त्यांना हंगामापुरते नव्हे, बारमाही मानधन मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

एक शंका मात्र आहे. अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ते वेदनेमुळे का?

घटप्रभा_गोकाक

धागा आवर्जून वाचतो आहे. आमच्या घटप्रभा नदीत पाठीचे कवच मऊ असलेली मोठी कासवे असत, ती आता क्वचितच दिसतात. त्यांचा आणि या सागरी कासवांचा काही संबंध आहे का?

सागरवेध (मूळ बेळगाव, सध्या पणजी)

मी सागरी जीवशास्त्राचा अभ्यासक आहे आणि गोव्यातील किनाऱ्यांवर काम करतो. प्रश्न फार चांगले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी छोट्या शंका. @वेंगुर्ल्याची_लेक ताई, ते अश्रू वेदनेचे नव्हेत. समुद्राचे खारे पाणी आणि खारे अन्न पोटात जाते, तेव्हा शरीरातले जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी सागरी कासवांच्या डोळ्यांजवळ क्षारग्रंथी असतात. त्यांतून दाट, खारट स्राव सतत वाहतो. पाण्यात तो दिसत नाही, किनाऱ्यावर दिसतो. @घटप्रभा_गोकाक, आपण म्हणता ती बहुधा कृष्णेच्या खोऱ्यात आढळणारी लीथची मऊ पाठीची कासवे असावीत. ती केवळ दक्षिण भारतातील द्वीपकल्पात सापडतात आणि त्यांची जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. कुळाने ती निराळी आहेत. सागरी कासवांचे पाय वल्ह्यांसारखे झालेले असतात आणि संकट आले तरी त्यांना डोके किंवा पाय कवचात ओढून घेता येत नाहीत.

आता मुलीचा प्रश्न. मादी आपला किनारा कसा ओळखते, याचे आज सर्वाधिक मान्य उत्तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. किनाऱ्याच्या प्रत्येक भागात या क्षेत्राची तीव्रता आणि त्याचा कल थोडाथोडा वेगळा असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर पडताना किंवा समुद्राकडे जाताना ती खूण त्याच्या मनात ठसते, असे मानले जाते. फ्लोरिडातील लॉगरहेड कासवांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की, चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकते तशी घरट्यांची दाटीही किनाऱ्यावर सरकते.

अंडी खरोखर दूर नेली तर काय होते, याचा प्रयोग झालेला आहे. मेक्सिकोच्या रांचो नुएवो या किनाऱ्यावर केम्प्स रिडले ही ऑलिव्ह रिडलेची जवळची नातलग जात अंडी घालते. १९४७ मध्ये तेथे एका दिवसात सुमारे ४०,००० माद्या आल्याचे चित्रीकरणावरून अनुमान आहे; १९८५ च्या संपूर्ण हंगामात मात्र केवळ ७०२ घरटी नोंदली गेली. सगळी भिस्त एकाच किनाऱ्यावर नको, म्हणून १९७८ ते १९८८ या काळात काही अंडी अमेरिकेतील टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेली. अंडी मूळ किनाऱ्याच्या वाळूला लागू दिली नाहीत, पाद्रेच्याच वाळूत उबवली आणि पिल्लांना त्याच किनाऱ्यावरून चालत लाटांत जाऊ दिले. पुढे त्यांना काही महिने टाक्यांमध्ये वाढवून, खूण करून समुद्रात सोडले. १९९६ मध्ये त्यांतील माद्या अंडी घालण्यासाठी पाद्रे बेटावर आल्या. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला सांगा, की मादी जेथे जन्मेल त्या परिसरात येण्याची शक्यता मोठी आहे. वायंगणीची अंडी वायंगणीच्याच किनाऱ्यावर काही शे मीटर सरकवल्याने तिची वाट चुकणार नाही.

खरा धोका उचलण्याच्या वेळेत असतो. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूस वर चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले किंवा हादरले, की पडदे फाटून गर्भ मरतो आणि बाहेरून अंड्याला काहीही झालेले दिसत नाही. म्हणून घरटे रात्रीच सापडले तर ते लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत, अंडे न फिरवता हलवायचे असते. उन्हे वर आल्यावर सापडलेले घरटे हलवण्यापेक्षा त्यावर जाळी टाकून ते जागीच राखलेले बरे.

अथणीचा_शेतकरी

दोन तासांच्या आत! हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. फार उपयुक्त माहिती.

निपाणीकर

@सागरवेध, आपले विवेचन वाचून आनंद झाला, तरी एक आक्षेप नोंदवतो. गस्त घालणाऱ्यांना बहुतेक घरटी पहाटे मिळतात. मादी रात्री किती वाजता आली, हे त्यांना कसे कळावे? दोन तासांचा नियम काटेकोरपणे पाळला तर निम्मी घरटी कुंपणाबाहेर राहतील आणि कुत्र्यांच्या तोंडी जातील. काही गर्भ दगावले तरी चालतील, पण सर्वच अंडी गमावणे परवडणारे नाही, असा विचार गस्त घालणारे करत असतील तर तो मला चुकीचा वाटत नाही.

सागरवेध

आपला आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गस्त पहाटेपुरती न ठेवता रात्रभर असावी, असा आमचा आग्रह असतो. ज्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी घरट्यापर्यंत येते, जेथे भटकी कुत्री फार आहेत किंवा जेथे रात्रभर दिवे जळतात, तेथे हलवण्यावाचून पर्याय नाही. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे हलवणे अनावश्यक आहे. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांसाठी राखलेले आहेत, तेथे शक्य तेव्हा घरट्याभोवतीच कुंपण घालतात.

मुलाच्या दुसऱ्या शंकेबद्दल. अंडे उबण्याच्या काळाच्या साधारण मधल्या तिसऱ्या भागात वाळूचे तापमान किती आहे, यावर लिंग ठरते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी जवळपास सारखे निपजतात, त्याहून वाळू तापली तर माद्या वाढतात, थंड राहिली तर नर. फार तापली तर अंडी शिजून मरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. कोकणात घरटी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात होतात; मार्चचे घरटे एप्रिल-मेच्या उन्हात उबते. उघड्या हॅचरीत अशा घरट्यांतून बहुधा माद्याच येतात. सावलीसाठी झापे किंवा हिरवी जाळी टाकली तर तापमान उतरते, पण सरसकट सगळ्या हॅचरीवर दाट सावली केली तर उलट दोष निर्माण होतो. त्यामुळे हॅचरीतील वाळूचे तापमान रोज मोजून लिहून ठेवणे ही मला कुंपणाइतकीच आवश्यक गोष्ट वाटते.

बेळगुंदीची_सुनंदा

आमच्या देवळाच्या सभामंडपात दगडात कोरलेले कासव आहे. संतांच्या वाङ्मयात तर कासवी दूर राहून केवळ दृष्टीने पिल्ले पोसते, असे म्हटले आहे. येथे वाचते आहे की आई अंडी झाकून निघून जाते आणि पिल्लांना कधीच भेटत नाही. मग त्या पिल्लांना पहिले अन्न मिळते तरी कसे?

सागरवेध

@बेळगुंदीची_सुनंदा ताई, अंड्यातील बलक जन्मताना पूर्ण संपलेला नसतो. त्याचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते काही दिवस तग धरते. वाळूतून वर यायला, किनारा ओलांडायला आणि नंतर जवळपास दिवसभर अखंड पोहत खोल समुद्रात जायला तीच शिदोरी असते.

यामुळेच एक गोष्ट मला खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. हॅचरीत रात्री बाहेर आलेली पिल्ले पाहुण्यांना दाखवण्यासाठी सकाळपर्यंत टोपलीत ठेवली, तर ती टोपलीतच पोहण्याची धडपड करत ही शिदोरी खर्च करून टाकतात. शिवाय रोज एकाच जागी, एकाच वेळी पिल्ले सोडली तर मासे आणि पक्षी तेथे वाट पाहत राहतात. हजारात एखादेच पिल्लू प्रौढ होते असे मानतात. त्या एखाद्याचाही मार्ग आपण अवघड करू नये. महोत्सवाने गावाला कासवांशी जोडले, हे मोलाचे आहे. पण पिल्ले सोडायची ती बाहेर येताच, वेगवेगळ्या जागी आणि वाळूवरून स्वतः चालत जाऊ देऊन.

वेंगुर्ल्याची_लेक

शंभराहून अधिक लेकरे, आणि आई मागे वळूनही पाहत नाही. माझी आई वेंगुर्ल्याहून फोन करते, तेव्हा पहिला प्रश्न जेवलीस का, हाच असतो. 🙂

कणकुंबीचा_वारा

मी विषयाला थोडी वेगळी बाजू जोडतो. आपण सारे घाटमाथ्यावरचे लोक किनाऱ्यावरच्या माणसांनी काय करावे ते सांगत आहोत. आपला खानापूर तालुका मात्र पाणलोटाच्या ऐन माथ्यावर आहे. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्याच तालुक्यातील भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई पश्चिमेला उतरते, मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या चंदगड-दोडामार्ग भागातील तिळारीचे पाणी गोव्यात शापोरा नदी म्हणून वाहते आणि तिचे मुख मोरजीच्या किनाऱ्याशीच आहे. पावसाळी सहलीला तिळारी घाटात किंवा चोर्ल्याच्या धबधब्यांवर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी अखेर कोठे जाते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कासवे तरंगते प्लॅस्टिक जेलीफिश समजून गिळतात, ते आतड्यात अडकते आणि प्राणी उपासमारीने मरतो.

हुक्केरी_पाटील

@कणकुंबीचा_वारा, पश्चिमेचे पटले. पूर्वेचे तितकेसे पटत नाही. मलप्रभेवर नविलतीर्थचे धरण आहे, पुढे कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहे. आपला कचरा तेवढे सगळे ओलांडून उपसागरापर्यंत जात असेल का? अतिशयोक्ती केली की ऐकणारा मूळ मुद्दाही सोडून देतो.

कणकुंबीचा_वारा

पूर्वेकडे धरणे बरेच काही अडवतात, हे मान्य. माझा भर पश्चिमेवर आहे, कारण तेथे उतार तीव्र आहे, अंतर थोडे आहे आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळे एकदम खाली जाते. कृष्णेच्या मुखाशी असलेल्या अभयारण्याच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, एवढे मात्र नमूद करतो.

काळी_नदी (कारवार)

मी नोकरीनिमित्त कारवारला आहे आणि बंदरावर रोजचा वावर आहे. अंड्यांविषयी इतके बोलणे झाले, पण प्रौढ कासवे कशाने मरतात, हे अजून कोणी लिहिले नाही. ती जाळ्यांत मरतात. कासव हवेत श्वास घेते. विश्रांती घेताना ते दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकते, परंतु बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात सापडून धडपडू लागले की प्राणवायू झपाट्याने संपतो आणि ते बुडून मरते. एक मादी प्रौढ व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तिच्या मरणाने होणारी हानी हॅचरीतल्या कित्येक घरट्यांनी भरून निघत नाही.

यावर उपाय आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात गजांची एक तिरपी चौकट बसवतात आणि तिच्यापाशी बाहेर पडायला झडप ठेवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना थडकून झडपेतून बाहेर निसटते. या साधनाला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांना जुळेल असे टेड तयार केले आहे. मच्छीमारांची तक्रार असते की झडपेतून मासळीही जाते, आणि डिझेलचे भाव पाहता ती तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु टेडचा वापर नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले, त्याचाही फटका शेवटी त्यांनाच बसला.

महाराष्ट्राने एक चांगले पाऊल उचलले आहे. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. आणखी एक गोष्ट आपल्या कर्नाटक राज्याची. होन्नावरजवळच्या कासरकोड-टोंका किनाऱ्यावर कासवांची घरटी होतात आणि तेथील प्रस्तावित खासगी बंदराला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे. बेळगावच्या वर्तमानपत्रांत त्याविषयी जवळजवळ काहीच छापून येत नाही.

अथणीचा_शेतकरी

अरबी समुद्रातली आणि बंगालच्या उपसागरातली कासवे वेगवेगळी का? ओडिशात एका रात्रीत हजारो माद्या येतात असे ऐकले होते, कोकणात मात्र एकेकटी येते.

सागरवेध

जात एकच. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे त्या समूहाने येतात, म्हणून गहिरमाथा १९९७ मध्ये सागरी अभयारण्य झाले. कोकणात आणि गोव्यात त्या एकेकट्या येतात. दोन्हींची ये-जा नाही, असा पूर्वी समज होता. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-खूण लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून उपसागराच्या बाजूला गेली. उलट, २०२१ मध्ये ओडिशात धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. त्यामुळे एका राज्याने किनारा राखला आणि दुसऱ्याने मासेमारीच्या जाळ्यांना मोकळीक दिली, तर त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

जांबोटीचे_गुरुजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळे वाचल्यावरही जागीच राखण करण्याकडे माझा कल आहे, परंतु कुत्री, दिवे आणि भरती यांचा विचार करून किनाऱ्या-किनाऱ्यानुसार निर्णय घ्यावा, हे सागरवेध यांचे म्हणणे मी मुलांसमोर ठेवणार आहे. निपाणीकरांचा मजुरीचा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो सोडवल्याशिवाय माझ्या मताला अर्थ नाही.

एक विचारायचे होते. पुढच्या हंगामात मुलांकडून वाळूच्या तापमानाच्या नोंदी घ्यायच्या झाल्या, तर तापमापक किती खोल ठेवावा? आणि त्यासाठी परवानगी लागते का?

सागरवेध

घरट्याचा मध्य येतो तेवढ्या खोलीवर, म्हणजे साधारण ३० ते ४० सेंटिमीटर. मात्र तो घरट्यात ठेवू नये. घरट्यापासून मीटरभर अंतरावर, तशाच वाळूत ठेवावा. एक हॅचरीच्या आत, एक बाहेर उघड्या वाळूत आणि एक सावलीच्या जाळीखाली, असे तीन असतील तर तुलना करता येईल. सागरी कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहेत, त्यामुळे अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि नुसता तापमापक पुरायचा असला तरी त्या किनाऱ्याच्या वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. अर्ज ऑक्टोबरमध्येच करा, घरटी सुरू झाल्यावर कर्मचाऱ्यांना सवड नसते.

वेंगुर्ल्याची_लेक

गुरुजी, वायंगणीला रोज नोंद घेणारे कोणी तरी तिथेच राहणारे लागेल. माझा भाचा रात्रीच्या गस्तीला जातो, त्याच्याशी बोलून आपल्याला कळवते.